सहावी सूचना

लेस्टर,
१४ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

ती. स्व. दीनानाथकाकांस,
परीक्षितचा शि. सा. न. वि. वि.

दर संक्रांतीला तुम्हाला मराठीत एक पत्र लिहायचं, हा नियम तुम्ही मी नऊ वर्षांचा असताना घातलात. तेव्हा मी ह्या देशात नवीन होतो आणि लिपी विसरू नये एवढाच हेतू होता. आता तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लागतं. यंदा तिसरं कारण आहे. जे कळवायचं आहे ते मला मोठ्या आवाजात सांगता आलं नसतं.

शनिवारी आपल्या गोदामाच्या छतावरून एक माणूस खाली पडला. अतुल. तुम्ही त्याला दिवाळीत पाहिलंत. पुण्याचा, कंपनी रीडिंग गावात, आठवड्यातून दोन दिवस ट्रेनने जातो. मंडळाच्या कार्यक्रमात माईक आणि स्पीकर तोच लावतो. जिवावरचं निभावलं. खाली पोह्यांची पोती होती, त्यांवर आपटून मग तो जमिनीवर पडला. कंबरेचं हाड मोडलं आहे, डाव्या टाचेचा चुरा झाला आहे, डोक्याला मार आहे. बोलतो, माणसं ओळखतो. शनिवारची सकाळ मात्र त्याला आठवत नाही.

कसं झालं ते लिहितो. गुरुवारी रात्रभर बर्फ पडला. शुक्रवारी दुपारी गोदामातल्या हॉलचं दार चौकटीला घासायला लागलं आणि फॉल्स सीलिंगची एक रांग खाली झुकलेली दिसली. पुढच्या आणि मागच्या छपरांमधल्या पन्हळीत वाऱ्याने बर्फ भरला होता. बर्फ काढणाऱ्या कंपनीने सोमवारचा दिवस दिला. शनिवारी तीन वाजता मंडळाचं हळदीकुंकू होतं, एकशेवीस माणसं येणार होती. म्हणून मी तुम्हाला फोन केला. काकू तुम्हाला विचारून एकेक गोष्ट सांगत होत्या, मी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि मंडळाचा सेक्रेटरी राजीव लिहून घेत होता. तुमच्या पाचही सूचना आम्ही पाळल्या. लोखंडी फावडं वापरलं नाही, प्लास्टिकची तीन आणली. पत्र्यावर दोन इंचांचा थर ठेवला. दोन्ही छपरांवरचा बर्फ सारखा काढत गेलो. एका जागी ढीग केला नाही. खाली कोणाला उभं राहू दिलं नाही. मी आणि राजीव असे दोघंच वर गेलो होतो.

अतुल वर कधी आला ते मला कळलं नाही. मी पन्हळीच्या तोंडाशी वाकलेलो होतो. आवाज आला आणि वळून पाहिलं तर मागच्या छपरात एक काळा चौकोन होता. सुरक्षा खात्याच्या इन्स्पेक्टरबाई रविवारी आल्या होत्या, त्यांना मी हेच सांगितलं. त्याला कोणी वर बोलावलं नव्हतं.

एक विचारायचं आहे. तो पडला तिथे पत्रा नव्हता, प्लास्टिक होतं. तुकडा माझ्याकडे आहे. वरून करडा रंग दिलेला आहे, पत्र्याचा रंग आहे तोच. दोन इंच बर्फाखाली नव्हे, उन्हाळ्यातही कोणाला ओळखू आलं नसतं. असे आणखी चौकोन वर आहेत का? बाबा गेल्यापासून मी एकही नकाशा उघडला नव्हता. काल उघडला, त्यात हे काही दिसलं नाही.

तिळगूळ पोस्टाने पाठवायचा राहिला. माझ्याकडून यंदाचा नमस्कार तेवढा घ्यावा. काकूंना सा. न.

तुमचा,
परीक्षित

•

पिनर,
१८ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

चि. परीक्षितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. दोनदा वाचलं. ‘चौकट’ आणि ‘चौकोन’ ह्यांत तू गोंधळ केला नाहीस, एवढी सदतीस वर्षांची कमाई दिसते. बाकी पत्र मला आवडलं नाही.

अतुलच्या बायकोला, आशाला, आम्ही दोघांनी वेगळं पत्र लिहिलं आहे. ती तिथल्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे ना? म्हणजे दिवसभर औषधं मोजायची आणि सुटल्यावर वरच्या मजल्यावर नवऱ्याला भेटायला जायचं. तिला डबा कोण देतं ते कळव. आपल्या सूनबाईने, श्रद्धाने द्यायला हवा.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी कौन्सिलच्या इमारत खात्यात बत्तीस वर्षं काम केलं. अपघातानंतर लिहिलेले जबाब मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत खोटं असतं ते शब्दांत क्वचित सापडतं, आकड्यांत सापडतं. तू लिहितोस की फावडी तीन आणली. पुढे लिहितोस की वर दोघंच गेलो. तिसरं फावडं कोणासाठी होतं?

तू उत्तर मला द्यावंस असा माझा आग्रह नाही. मी प्रश्न लिहून ठेवतो आहे.

दुसरं. तुझ्याकडे दोन पगारी माणसं आहेत, मसाल्याच्या मशीनवर. दोघं माझ्या माहितीप्रमाणे तरुण आणि धडधाकट आहेत. ती वर का गेली नाहीत?

त्या प्लास्टिकच्या तुकड्याबद्दल मी नंतर लिहीन. तूर्त मागच्या छपरावर कोणालाही पाऊल टाकू देऊ नकोस. हॉलला कुलूप लाव. फेब्रुवारीतले कार्यक्रम रद्द कर, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

आमचे आशीर्वाद तुझ्या पाठीशी असतातच. सध्या त्यांचा उपयोग किती, हे तू ठरव.

दीनानाथ

ता. क. मी लीलावती, चार ओळी लिहिते. ह्यांचं जेवणात लक्ष नाही. टेबलावर कागद पसरून तुमच्या गोदामाचं छप्पर काढतात आणि फाडून टाकतात. विचारलं तर सराव करतो म्हणतात. एक्क्याऐंशीव्या वर्षी कसला सराव? मी लाडू पाठवते आहे, जरा कडक झालेत. आशाच्या डब्यात दोन ठेव. – काकू

•

लेस्टर,
२७ जानेवारी २०२६

ती. स्व. परीक्षितदादांस,
अतुलचा सा. न. वि. वि.

हॉस्पिटलमध्ये फोन वापरून डोकं दुखतं, स्क्रीनकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून आशाकडून वही मागून घेतली. शाळेनंतर पहिल्यांदाच इतकं मराठी हाताने लिहितोय. अक्षर समजून घ्या.

मला तुमची माफी मागायची आहे. गेले दोन आठवडे हेच डोक्यात आहे. इन्स्पेक्टर इथे येऊन गेल्या. त्यांनी विचारलं की तुला वर जायला कोणी सांगितलं होतं का. मी म्हटलं की मला काहीच आठवत नाही, पण परीक्षितदादा म्हणतात की मी आपणहून गेलो, तर तसंच असणार. त्यांनी ते लिहून घेतलं.

दादा, मी असं का केलं असेल ते मलाच कळत नाही. मला उंचीची भीती वाटते. घरातला बल्ब आशा बदलते. सिंहगडावर शाळेची ट्रिप गेली होती तेव्हा मी कड्यापाशी गेलो नव्हतो, मुलं वर्षभर चिडवत होती. मग त्या दिवशी न विचारता, कोणाला न सांगता, बर्फात छतावर का चढलो असेन? आशा हेच विचारते. आधी रडून विचारायची, आता रागाने विचारते. तिला वाटतं की मला लोकांपुढे काहीतरी करून दाखवायचं होतं. कालपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचं चूक नाही.

माझ्यामुळे हळदीकुंकू मोडलं. बायका नटून आल्या असतील आणि दारात ॲम्ब्युलन्स. तुमच्यामागे चौकशी लागली. तुम्ही एवढं सांभाळून, काकांना विचारून काम करत होतात आणि मी मध्येच असा मूर्खपणा केला. श्रद्धावहिनी रोज डबा पाठवतात, तो घेताना मला लाज वाटते. त्यांना सांगा की इतकं करू नका.

टाचेचं दुसरं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. कंपनीला मी लिहून कळवलंय की चूक माझीच होती.

राग धरू नये. पूर्वीसारखं आपलं मानावं.

तुमचा,
अतुल

•

लेस्टर,
२९ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

अतुलचं पत्र सोबत पाठवतो आहे. आधी ते वाचावं, मग हे.

तिसरं फावडं अतुलसाठी होतं. मी त्याच्या हातात दिलं.

आम्ही तिघं शिडीच्या पायथ्याशी उभे होतो. अतुल म्हणाला की त्याला उंची सहन होत नाही, तो खाली शिडी धरून उभा राहील. साधं बोलणं होतं. मी ठीक आहे म्हणायला हवं होतं. दारात बायका रांगोळी काढत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो की अतुलरावांना आपण आत बसवू, बायकांबरोबर वाण वाटायला. त्या हसल्या. श्रद्धा तिथेच होती, तीही हसली. अतुलसुद्धा हसला. मग त्याने फावडं घेतलं आणि माझ्याआधी शिडी चढला.

मागच्या छपरावर त्याला मीच पाठवलं. पन्हळीत तिघांना जागा नव्हती. मी हाताने दाखवलं, तिकडून सुरू कर. त्याने एकदा मागे वळून पाहिलं होतं. चार पावलं टाकली असतील.

राजीवला हे माहीत आहे. रविवारी इन्स्पेक्टरबाई येण्याआधी आम्ही दोघं गाडीत बसलो होतो. मी म्हणालो की अतुल स्वतःहून वर आला. राजीव खिडकीची काच पुसत राहिला. नंतर त्याने बाईंना सांगितलं की त्याची पाठ होती, त्याने काही ऐकलं नाही. आम्ही त्यानंतर भेटलेलो नाही. श्रद्धा आणि मी एका घरात राहतो, पण त्या हसण्याबद्दल बोलत नाही. ती पहाटे उठून अतुलचा डबा करते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मशीनवरची दोन्ही माणसं वर जायला तयार होती. मी नको म्हणालो. पगारी माणसाला असं वर पाठवता येत नाही, दोर लागतो, फळ्या लागतात, ते काम शिकलेला माणूस लागतो, हे सगळं मला पाठ आहे. दर वर्षी मी त्याच्या कागदांवर सही करतो. मंडळाच्या माणसाला पाठवताना सही लागत नाही. मी ग्रुपवर लिहिलं, उद्या सकाळी श्रमदान, आपली वास्तू आपण सांभाळू. अकरा जणांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. आला एकटा अतुल.

म्हणजे धोका आहे हे मला माहीत होतं. मी तो नोकरांना दिला नाही, पाहुण्याला दिला.

कार्यक्रम रद्द करता आला असता. यंदा मी अध्यक्ष आहे. गेल्या वर्षीच्या अध्यक्षांच्या वेळी हॉल मिळाला नाही म्हणून कार्यक्रम झाला नव्हता आणि मी सभेत उभा राहून म्हणालो होतो की माझ्या वर्षी असं होणार नाही. एवढंच कारण आहे. ह्याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी खोटं बोललो तेव्हा अतुल बेशुद्ध होता. तो शुद्धीवर येईल आणि मला खोटं पाडेल असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगतो, त्याची मी वाटही पाहत होतो. त्याने माझं खोटं खरं मानलं आहे. त्यावरून बायकोचा राग सोसतो आहे. माझी माफी मागतो आहे.

इन्स्पेक्टरबाई ९ फेब्रुवारीला जबाबावर सही घ्यायला येणार आहेत. मी रोज ठरवतो आणि रोज ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तुम्ही सांगितलंत तर मी करीन. लहानपणी तुम्ही सांगितलेलं केलं की मला स्वतःचं काही करावं लागत नसे.

ह्यापुढे तुम्ही मला आशीर्वाद लिहिलेत तर ते घ्यायला हात पुढे होईल असं वाटत नाही. तरी लिहावेत.

परीक्षित

•

पिनर,
२ फेब्रुवारी २०२६

॥ श्री ॥

चि. परीक्षितास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगा म्हणतोस, मी सांगणार नाही. ते सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. का नाही, ते लिहितो. हे लिहायला मला दोन आठवडे लागले. लीलावतीला वाटलं की मी छपराचा नकाशा काढतो आहे. मी त्यावर सहा चौकोन भरत होतो.

मागच्या छपरावर उजेडासाठी प्लास्टिकचे सहा चौकोन आहेत. इमारत घेतली तेव्हापासून. तेव्हा खाली सीलिंग नव्हतं, हॉल नव्हता. तिथे तुझे वडील, माझा दादा, लाल तिखट परातींत काढून पाकिटांत भरत. वरून ऊन यायचं आणि तिखटाचा रंग उडायचा. बेलग्रेव्ह रोडचे दुकानदार पाकीट उजेडात धरून बघत आणि परत पाठवत. दादा माझ्या मागे लागला की तू इमारतींतला, काहीतरी कर. १९९५च्या जुलैमध्ये मी एका रविवारी वर गेलो आणि सहाही चौकोन पत्र्याच्या रंगाने रंगवले. तिखटाचा रंग टिकला. दादाने मला पेढे दिले.

रंगवताना मी पत्र्यावर लांब फळ्या टाकल्या होत्या आणि त्यांच्यावरून गुडघ्यांवर चाललो होतो. म्हणजे ते प्लास्टिक माणसाचं वजन घेत नाही, हे मला माहीत होतं. माझं कामच ते होतं. सोमवारी कामावर जाऊन मी दुसऱ्या एका कारखान्याला नोटीस लिहिली, त्यांनी छतावरचे काचेचे चौकोन खुणा न करता ठेवले होते म्हणून. आपल्या नकाशावर मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते रंगवले कोणी, हा प्रश्न आला असता.

शिडीपाशी एक पिवळी पाटी होती. छत कच्चं आहे, फळीशिवाय पाऊल टाकू नये, अशी. तिथे दादाला दुकानाचा नवा बोर्ड लावायचा होता. ती पाटी मी काढली. दुसरीकडे लावू म्हणून गाडीत ठेवली. ती इथे आमच्या गॅरेजमध्ये आहे, रंगाच्या डब्यांमागे. परवा पाहिली.

हे सगळं मी विसरलो होतो, असं तुला लिहिता आलं असतं. वय पाहून तू मानलंही असतंस. मी विसरलो नव्हतो. त्या शुक्रवारी लीलावती फोन धरून उभी होती आणि तू स्पीकर लावला आहेस, कोणी लिहून घेत आहे, हे तिने मला सांगितलं. मला बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी कोणीतरी माझं म्हणणं लिहून घेत होतं. मी पाच सूचना दिल्या. पाचवी देताना चौकोन आठवले. सहावी सूचना तोंडाशी आली. ती सांगायची म्हणजे पुढचा प्रश्न येणार, रंग कोणी दिला. मंडळाच्या माणसासमोर. मी मनाशी म्हटलं की बर्फ पन्हळीत आहे, मागच्या छपरावर कोण जातं. लीलावतीने विचारलं, आणखी काही? मी मान हलवली.

आणि मीच सांगितलं होतं की दोन्ही छपरांवरून सारखा बर्फ काढा. म्हणजे माणूस मागच्या छपरावर जाणारच होता. मी आधी त्याला तिकडे पाठवलं आणि मग गप्प बसलो.

खरं तर पहिलीच सूचना वेगळी हवी होती. वर जाऊ नका, हॉल बंद ठेवा, शिकलेल्या माणसांची वाट पाहा. नोकरीत मी सगळ्यांना हेच लिहून देत असे. घरच्यांना मी पाच युक्त्या सांगितल्या.

ह्यातलं सगळं मी इंग्रजीत लिहून इन्स्पेक्टरबाईंना काल पोस्टाने पाठवलं आहे, सहीनिशी, नकाशासह. तुझ्याबद्दल त्यात एक शब्द नाही. ते तुझं आहे. ९ तारखेला मी आणि लीलावती सकाळच्या गाडीने येतो. पाटी घेऊन येतो. स्टेशनवर घ्यायला ये, ती वजनाने जड नाही, पण लांब आहे आणि चादरीत गुंडाळलेली असेल. तुझ्या काकूने विचारलं हे काय नेता आहात. तिला मी सगळं सांगितलं. तिने चादर बदलून दिली.

तू आशीर्वाद लिहा म्हणालास, म्हणून वर लिहिले आहेत. देणाऱ्याचे हात स्वच्छ नाहीत, हे जाणून घे.

दीनानाथ

•

लेस्टर,
१० फेब्रुवारी २०२६

प्रिय अतुल,
स. न. वि. वि.

तू माझी माफी मागितलीस. ती मला परत करायची आहे.

तू आपणहून वर गेला नव्हतास. तुला उंचीची भीती वाटते असं तू मला शिडीपाशी सांगितलं होतंस आणि मी चारचौघांत तुझी थट्टा केली. फावडं मी दिलं. मागच्या छपरावर मी पाठवलं. तू पडल्यावर मी इन्स्पेक्टरबाईंना खोटं सांगितलं, आणि तुला आठवत नाही हे कळल्यावरही ते तसंच राहू दिलं. काल मी तो जबाब बदलला आहे. दीनानाथकाका शेजारी बसले होते. छपराबद्दलचा त्यांचा दोष ते तुला स्वतः लिहिणार आहेत. पुढे माझ्यावर जे व्हायचं ते होईल, त्याचा विचार तू करू नकोस.

मंडळाच्या ग्रुपवर मी हेच सकाळी लिहिलं. अध्यक्षपद सोडलं आहे. तुझ्या कंपनीला काय लिहू ते तू सांग, शब्द तुझे, सही माझी.

आशाला हे पत्र दाखव. नाही, दाखव असं सांगायचा मला अधिकार नाही. पण तिला हे कळायला हवं की तू लोकांपुढे काही करून दाखवायला गेला नव्हतास. लोकांपुढे करून दाखवणारा मी होतो.

डबा श्रद्धा करते. तिला तो करू दे. नको असेल तर तिला तसं कळव, ती समजेल.

तुझ्याकडे काही मागावं अशा जागी मी नाही. म्हणून इथेच थांबतो.

परीक्षित

•

लेस्टर,
१६ फेब्रुवारी २०२६

परीक्षितदादा,
न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. काकांचंही मिळालं. दोन्ही आशाने मला वाचून दाखवली. तुमचं तिने दोनदा वाचलं. मग ती बराच वेळ कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली. परत आल्यावर तिने माझी उशी सरळ केली आणि म्हणाली की घरातले बल्ब मीच बदलणार. खूप दिवसांनी आम्ही हसलो.

टाच जुळते आहे. चालता येईल म्हणतात, पळता येणार नाही. मी तसाही पळत नव्हतो.

कंपनीला मी लिहिलंय. तुमची सही लागली तर कळवीन. डबा नको असं मी म्हणत नाही. फक्त तो श्रद्धावहिनींनी स्वतः घेऊन यावा, दारात ठेवून जाऊ नये. आशाला त्यांच्याशी बोलायचं आहे. काय बोलायचं आहे ते मला तिने सांगितलेलं नाही.

तुमच्यावर राग आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, बरं केलंत. मला माहीत नाही. राग यायलासुद्धा काहीतरी आठवावं लागतं. आधी तुम्ही सांगितलंत की मी आपणहून गेलो, मी ते मानलं. आता तुम्ही सांगता की मला पाठवलं, हेही मी मानतो. दोन्ही वेळा तुमच्याच शब्दावर. मी ह्याचाच विचार करत पडून असतो.

म्हणून एक काम सांगतो. माझी त्या दिवशीची सकाळ तुमच्याकडे आहे. मी गाडीतून उतरलो तिथपासून लिहा. अंगात कुठलं जॅकेट होतं, चहा घेतला का, तुम्ही थट्टा केलीत तेव्हा मी हसलो तो कसा हसलो, मागे वळून पाहिलं म्हणता तर तेव्हा माझा चेहरा कसा होता. इन्स्पेक्टरला लागतं तेवढंच नको. सगळं. लाज वाटेल ते गाळू नका, तेच आधी लिहा. कितीही पानं होऊ देत.

ती सकाळ पोचली की लोभाचं बघू.

अतुल